तांबड्या समुद्रातली शेकोटी

जुन्या आगबोटीच्या आतली एकच जागा मराठी वाचकाला पक्की ठाऊक असते, ती म्हणजे मोरिया बोटीच्या शौचकूपातलं पोर्टहोल. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी त्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. खिडकीच्या अलीकडची बोट कशी होती, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. मोरिया ही पी अँड ओ कंपनीची, १९०८ साली बांधलेली प्रवासी बोट. एकाच लोखंडी सांगाड्यात श्रीमंत प्रवाशांची दालनं, टपालाच्या थैल्या, बॉयलरपाशी घाम गाळणारे खलाशी आणि पहाऱ्यातला एक कैदी, असं सगळं एकमेकांच्या वर-खाली बसवलेलं होतं.

विलायतेच्या मराठी प्रवासवर्णनांत बोट असते, पण ती बहुतेकदा मळमळ, शाकाहारी जेवणाचे हाल आणि एडनचा उकाडा एवढ्यापुरती. इंग्रजीत उलट परिस्थिती आहे. आलिशान बोटींच्या अंतर्भागावर तिकडे गुळगुळीत कागदाच्या जाडजूड ग्रंथांची रांग लागली आहे. २०१८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या विषयावर मोठं प्रदर्शन भरलं. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या लाउंजमधला कोरीव लाकडाचा एक तुकडा त्यासाठी आमच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या संग्रहालयातून गेला होता. या प्रकारच्या लेखनात लाकूड कुठलं, काच कुणाची, जिना कसा वळतो, हे इतक्या प्रेमाने सांगितलेलं असतं की वाचताना आपणही हरखतो. माझी तक्रार त्या प्रेमाबद्दल नाही. बोटीची अंतर्गत रचना ही आधी जागेची वाटणी असते आणि शोभा तिच्यावर नंतर चढते. वाटणी न वाचता शोभेची समीक्षा करणं म्हणजे वाड्याच्या चौकटीवरचं कोरीवकाम वाखाणायचं आणि गावकुसाबाहेर कोण राहतं ते विचारायचं नाही, असं होतं.

हे म्हणणं तपासायला मी दोन बोटी घेतो. पहिली कॅनडाच्या चाकरीत वाढली आणि मुंबईत मोडली गेली. दुसरी खास मुंबईच्या वाटेसाठी सजवली गेली आणि भूमध्य समुद्राच्या तळाशी गेली. दोघींच्या मध्ये एक माणूस उभा आहे, त्याच्याकडेही येऊ.

पहिलीचं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधलेली ही बोट १८९१च्या एप्रिलअखेर व्हँकुव्हरला पोचली. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. लंडनचं टपाल अटलांटिक ओलांडून कॅनडात यायचं, आगगाडीने पश्चिम किनारा गाठायचं आणि तिथून याच कंपनीच्या बोटीने जपान-हाँगकाँगकडे जायचं. म्हणजे ही बोट रेल्वेचाच समुद्रातला पुढचा टप्पा होती. पांढरा रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढे झेपावणारी नाळ. छायाचित्रात ती एखाद्या राजाच्या खासगी नौकेसारखी दिसते. नावही तसंच. 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही व्हिक्टोरिया राणीने १८७०च्या दशकात घेतलेली पदवी.

आता वाटणी बघा. पहिल्या वर्गाचे सुमारे १२० प्रवासी, दुसऱ्या वर्गाचे ५०, आणि स्टीअरेज म्हणजे तळातल्या सामायिक जागेत ६००. पहिल्या वर्गाच्या केबिनी बोटीच्या मध्यभागी. बोट लाटेवर डोलते तेव्हा दोन्ही टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मधला भाग सर्वांत कमी, हे कुठल्याही झोपाळ्यावर बसलेल्याला कळतं. जिथे पोट कमी ढवळतं ती जागा महाग. स्टीअरेजमध्ये बहुतेक चिनी मजूर असत. त्यांच्यावर कॅनडाने डोईपट्टी बसवली होती: १८८५ साली ५० डॉलर, १९००मध्ये १००, आणि १९०३पासून ५००. बोटीचा तळमजला ज्यांच्या भाड्यावर भरायचा, त्यांनाच किनारा दारात अडवून पैसे मागत होता.

हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी १९०८ साली वेगळी युक्ती निघाली. मायदेशातून सलग प्रवास करून आलेल्यालाच उतरू द्यायचं असा नियम झाला, आणि तसा सलग प्रवास मिळेनासा करण्यात आला. मे १९१४मध्ये कोमागाता मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आली. दोन महिने नांगर टाकून उभी राहिल्यावर, मोजके अपवाद सोडले तर, सगळ्यांसह तिला परत पाठवण्यात आलं. त्याच वर्षी डिसेंबरात 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' नावाची कॅनेडियन बोट मात्र हिंदी मालकाकडे गेली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली, हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-बोट म्हणून सज्ज केली, आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा.

युद्ध संपल्यावर, मार्च १९१९मध्ये, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांबरोबर तीच बोट घेतली. शिंद्यांची बोट म्हणून कंपनीला नाव पडलं सिंदिया. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिल हा भारताचा राष्ट्रीय सागरी दिन आहे, आणि त्या दिवशीच्या भाषणांत लॉयल्टी येतेच. त्या भाषणांतली बोट पोकळ असते, एक निशाण आणि एक तारीख एवढीच. प्रत्यक्षात ती जवळजवळ तीस वर्षांची झालेली प्रवासी बोट होती. पॅसिफिकच्या टपालासाठी आखलेली, आणि मधल्या काळात इस्पितळ होऊन गेलेली. कोळसा खाणाऱ्या जुन्या इंजिनांवर आणि व्हिक्टोरियन हौसेच्या सांगाड्यावर स्वदेशीचा धंदा उभा करायचा होता. निशाण एका दिवसात बदलता येतं, पण सांगाडा बदलायला पैसा आणि गोदी लागते, आणि वालचंदांकडे तेव्हा गोदी नव्हती. पुढे १९४०च्या दशकात विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला, तो हाच धडा गिरवून, असं मला वाटतं.

लॉयल्टी १९२३मध्ये मुंबईत मोडीत निघाली. त्याच वर्षी सिंदियाला एका दहा वर्षांच्या करारावर सही करावी लागली. बोटींच्या टनभारावर मर्यादा, आणि धंदा किनाऱ्यालगतच्या मालवाहतुकीपुरता. समोरचा पक्ष होता लॉर्ड इंचकेप, पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांचा सर्वेसर्वा. भाडी पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडायचा आणि मग तहाला बोलवायचं, ही त्याची रीत. मघाशी म्हटलेला मधला माणूस तो हा.

इंचकेपच्या कंपनीने १९२९च्या फेब्रुवारीत लंडन-मुंबई मार्गावर नवी बोट आणली, व्हाइसरॉय ऑफ इंडिया. आधी तिचं नाव 'ताजमहाल' ठरलं होतं. ग्लासगोच्या स्टीफन गोदीत बांधलेली, सुमारे १९,६०० टनांची. यंत्रसामग्रीच्या बाबतीत ती काळाच्या पुढे होती. वाफेच्या टर्बाइनने वीज करायची आणि विजेच्या मोटारींनी पंखे फिरवायचे, त्यामुळे हादरे आणि आवाज दोन्ही कमी. आणि या बोटीच्या दालनांची सजावट केली होती इंचकेपच्या मुलीने, एल्सी मॅकेने. ती मूकपटांत काम केलेली अभिनेत्री, परवानाधारक वैमानिक, आणि पी अँड ओच्या सजावटीची जबाबदारी सांभाळणारी. मार्च १९२८मध्ये कॅप्टन हिंचक्लिफबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडायला ती विमानातून निघाली आणि परतली नाही. तिची बोट त्यानंतर सहा महिन्यांनी पाण्यात उतरली.

आता तिच्या दालनांत शिरू. पहिल्या वर्गाची स्मोकिंग रूम म्हणजे एखाद्या जुन्या गढीतला दिवाणखाना. उघड्या लाकडी तुळयांचं उंच छत, सरदारी थाटाची शेकोटी, भिंतीवर आडव्या तलवारी आणि घराण्यांची ढालचिन्हं. वाचन-लेखनाची खोली अठराव्या शतकातल्या ॲडम बंधूंच्या शैलीत, संगीतकक्षही त्याच शतकातला. पोहण्याचा बंदिस्त तलाव, पी अँड ओच्या बोटीवरचा पहिलाच, तो पॉम्पेईच्या धर्तीवर. पहिल्या वर्गातल्या प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र केबिन.

कारागिरी उत्तम होती यात शंका नाही. तरी रचना म्हणून मला ही स्मोकिंग रूम फसलेली वाटते. सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरल्यावर, लोक अंथरूण घेऊन डेकवर झोपायला जातात त्या उकाड्यात, शेकोटीपुढे बसायची सोय करणं हा निव्वळ हट्ट आहे. दालन समुद्राला नाकारतं, हवामानाला नाकारतं आणि बोट ज्या देशाकडे निघाली आहे त्यालाही नाकारतं. नाव 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया', पण ठळक दालनांत इंडिया कुठे नाही, स्कॉटलंड आहे, इंग्लंड आहे आणि ज्वालामुखीने गाडलेलं रोमन शहर आहे. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने १९२३ सालच्या पुस्तकात अक्विटानिया बोटीची चित्रं छापून, घरं बांधणाऱ्यांनी बोटींकडून शिकावं असं म्हटलं होतं, ते तिच्या स्वच्छ रेषांमुळे. १९३५ साली ओरिएंट कंपनीच्या ओरायन बोटीत ब्रायन ओरोर्कने जुन्या शैलींची नक्कल टाकून देऊन साधं, हलकं, उष्ण हवेला मानवणारं अंतरंग करून दाखवलं. म्हणजे पर्याय होता आणि तो दूरही नव्हता. मॅकेची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल, की तिच्या गिऱ्हाइकांना पर्याय नकोच होता. मुंबईत उतरून बॅलार्ड पियरच्या फलाटावरूनच आगगाडीत बसणाऱ्या साहेबाला शेवटच्या क्षणापर्यंत आपण विलायतेतच आहोत असं वाटायला हवं होतं. ती शेकोटी उबेसाठी नव्हती, खात्री देण्यासाठी होती.

आपल्या बोलण्यातला 'पॉश' हा शब्द याच वाटेवर जन्मला, असं सांगितलं जातं. जाताना डाव्या बाजूची आणि येताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीतली केबिन, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो झाला म्हणे. त्याला पुरावा कुणाला सापडलेला नाही. कथा टिकली, कारण तिच्यात तथ्याचा एक अंश आहे. बोटीवर ऐषआराम म्हणजे आधी जागा, मग फर्निचर.

आणि जागेचंच बोलायचं तर या बोटींवरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा कुठल्याच सजावटीच्या पुस्तकात सापडत नाही. ब्रिटिश कायद्याने १८९४ साली खलाशामागे झोपण्या-राहण्यासाठी ७२ घनफूट जागा बंधनकारक केली, आणि १९०६मध्ये ती १२० घनफूट झाली. हिंदी खलाशासाठी, ज्याला साहेब 'लस्कर' म्हणत, प्रमाण होतं ३६ घनफूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा एक खोका डोळ्यांपुढे आणा. तेवढी. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर काम करणारे अनेकदा आपल्या रत्नागिरी किनाऱ्यावरचे आणि काठेवाडचे, त्यांचे मुकादम सारंग आणि तांडेल. इंजिनपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे. जेवणघरात आणि केबिनींच्या दिमतीला गोव्याचे. ज्या मराठी-कोंकणी मुलखातून आपण आलो, त्याचा या आलिशान इतिहासातला वाटा प्रामुख्याने हा आहे. टिळक-आंबेडकरांचे विलायत प्रवास आपण मोजतो, पण त्याच बोटीवर शंभर खेपा केलेल्या कोकणी माणसाची खेप मोजत नाही.

या गोवेकर माणसांचं किनाऱ्यावरचं घरही एक अंतरंगच होतं. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या नावाने चालणाऱ्या कूड असत. काही अजून आहेत. एक मोठी खोली, भिंतीशी ओळीने मांडलेल्या ट्रंका, एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि रात्री जमिनीवर पसरलेली अंथरुणं. पुढची बोट मिळेपर्यंत माणूस तिथे राही. स्मोकिंग रूममध्ये तलवारींखाली पेयाचा ट्रे घेऊन उभा असलेला वाढपी आपला संसार अशाच एखाद्या ट्रंकेत ठेवून आलेला असे. कुडीत शैली नाही, पण तिथल्या प्रत्येक वस्तूला कारण आहे. रचनेच्या कसोटीवर मी गढीच्या दिवाणखान्यापेक्षा कूड वरची मानतो.

शोभा काढून घेतली की वाटणी किती स्पष्ट दिसते, याचा धडा आमच्या हॅमिल्टनमध्ये फुकटात नाही, पण थोडक्या तिकिटात मिळतो. पोलादाच्या कारखान्यांसाठी खनिज आणणाऱ्या बोटी जिथे येतात त्याच बंदरात हायडा ही दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका २००३पासून उभी आहे. खलाशांनी जेवायचं तिथेच वर झोळ्या टांगून झोपायचं, अधिकाऱ्यांना मात्र बैठकीची वेगळी खोली आणि दार असलेल्या केबिनी. तिथे कुठे तलवारी आणि ढालचिन्हं नाहीत, त्यामुळे कुणाला किती इंच मिळाले ते लगेच वाचता येतं. युद्धनौकेवर निदान हे लपवलेलं नसतं. व्हाइसरॉयवर ते लपवण्याचीच कला होती. नोकरांचे जिने वेगळे, वेळा वेगळ्या, इंजिनाचा आवाजही मारून टाकलेला.

४ ऑक्टोबर १९३० रोजी याच व्हाइसरॉय ऑफ इंडियाने डॉ. आंबेडकर मुंबईहून पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले. चवदार तळ्याला साडेतीन वर्षं झाली होती, काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाला होता. तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून ज्यांच्या लोकांची डोकी फुटली, तो नेता पॉम्पेईच्या तलावाच्या बोटीवर होता. इथे बोट आणि गाव सारखेच, असं म्हणून टाकण्याचा मोह होतो. आराखडा खरंच सारखा आहे: मध्यभागी कोण, कडेला कोण, कुणाचा जिना कुठला. पण एक फरक सोडून चालणार नाही. प्रवाशाची जागा तिकीट ठरवतं आणि तिकीट विकत घेता येतं. महाडात ते विकत मिळत नव्हतं. खलाशाच्या बाबतीत मात्र बोटही गावासारखीच वागते, कारण ३६ आणि १२० घनफुटांतला फरक कामाचा नव्हता, जन्माचा होता. आधुनिक यंत्रावर जुनी उतरंड किती सहज बसते, याचा इतका नेमका नमुना दुसरा सापडणं कठीण.

आंबेडकरांचा बोटींशी आणखी एक हिशेब होता. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या बोटीने पाठवला होता, ती पाणतीराने बुडाली. १९३०च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते पुस्तकांना मध्यभागी ठेवून. बोटीच्या भाषेत सांगायचं तर सर्वांत कमी हलणारी, सर्वांत महाग जागा त्यांनी ग्रंथांना दिली. एल्सी मॅकेच्या वाचनखोलीत ॲडम शैली होती. राजगृहात वाचनासाठी घर होतं.

व्हाइसरॉय ऑफ इंडिया युद्धात सैन्य वाहू लागली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. तिच्या आठवणीतल्या लेखांत स्मोकिंग रूमचा फोटो हटकून असतो. लॉयल्टीच्या आतला फोटो कुठल्या लेखात मला दिसलेला नाही. आपल्याकडे जहाज आठवायचं ते मालकाच्या नावाने, तिकडे फर्निचरच्या नावाने. दोन्हीकडे आत राहिलेली माणसं गळून पडतात.

हे जुनं प्रकरण म्हणून बाजूला ठेवता आलं असतं, तर मी लिहिलं नसतं. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या मंडळांच्या अंकांत हल्ली क्रूझची वर्णनं भरपूर येतात: अलास्का, कॅरिबियन, काचेची लिफ्ट, मध्यरात्रीचा बुफे. त्यांत एखादं वाक्य हमखास असतं, 'आमचा वेटर चक्क गोव्याचा निघाला, मग काय, गप्पा रंगल्या'. त्या वाक्यावर लेखक थांबतो आणि पुढच्या बंदराकडे वळतो. खरं तर लेख तिथे सुरू व्हायला हवा. प्रवाशांना मिळणाऱ्या डेकच्या नकाशात खलाशांचे मजले दाखवलेले नसतात, पाण्याच्या रेषेजवळचा तो भाग कोरा सोडलेला असतो. पुढच्या वेळी त्या गोवेकराला एवढं विचारा, की तुझी खोली कुठल्या डेकवर, तिथे किती जण झोपता, आणि खिडकी आहे का. तो सांगेल ते लिहा.